होणाऱ्या सासऱ्याच्या सीटखाली

वीरेंद्रच्या ट्रेलरच्या छतावर एक टेंगूळ आहे. ते आतून बाहेर आलेलं आहे आणि त्याचं माप एका हवालदाराच्या डोक्याशी तंतोतंत जुळतं.

आता हे विसरून जा. असं काही झालंच नाही! हवालदार म्हणतात झालं नाही, त्यांचे साहेब म्हणतात झालं नाही, मग आपण कोण लागून गेलो? आपण असं धरून चालू की छत सपाट आहे, पोळा उद्यावर आलाय आणि वीरेंद्र सकाळी सकाळी छाती फुगवून पांढुर्ण्याहून सौंसरला निघालाय.

हा वीरेंद्र संत्र्याच्या बागवाल्यांचा पोरगा. बापानं आणि आज्यानं ज्या ट्रॉलीत जन्मभर संत्री भरली, त्याच ट्रॉलीवर यानं प्लायवूडच्या भिंती ठोकल्या, खिडक्या काढल्या, पडदे लावले, समोरासमोर दोन बाकं टाकून त्यांवर गाद्या अंथरल्या, एक पंखा टांगला आणि बाहेर रंगानं लिहिलं, ‘फिरतं घर’. जीपच्या मागं जोडायचं आणि जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांनी आत आरामात लोळत जायचं, असा धंद्याचा विचार होता. कुटुंबं आत लोळलीही. फक्त स्वतःच्या इच्छेनं नाही.

दोष कमानींचा. चाकांच्या वर लोखंडी पाट्यांच्या ज्या कमानी असतात, ज्यांच्यावर सगळ्या गाडीचा भार झुलतो, त्या या ट्रॉलीच्या संत्री वाहून वाहून पार सपाट झाल्या होत्या. डावीकडचा तर एक पाटा तुटलेलाच. त्यामुळे फिरतं घर नुसतं उभं असलं तरी डाव्या बाजूला, कोणाची तरी चुगली ऐकत असल्यासारखं झुकलेलं दिसायचं.

तरीही वीरेंद्रनं त्या बदलल्या नसत्या. पण मध्ये रघुनाथरावांचा मणका आला.

रघुनाथराव सावरगावचे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये फक्त जाम नदी. वर्षभर इकडची माणसं तिकडं आणि तिकडची इकडं सुखानं ये-जा करतात, एकमेकांच्या पोरी करतात. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, दोन काठांवर उभे राहून एकमेकांना गोटे मारतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘काय म्हणता, बरं हाय ना?’ सुरू होतं. तर या सावरगावच्या रघुनाथरावांची धाकटी मुलगी प्रणाली हिच्यावर पांढुर्ण्याच्या वीरेंद्रचा जीव होता. तिचाही होता, पण ती तो जपून वापरायची.

रघुनाथराव मागे एकदा संत्री तोडताना शिडीवरून पडले आणि त्यांचा मणका सरकला. तेव्हापासून घरातला कोणताही निर्णय मणक्याला विचारल्याशिवाय होत नसे. पाऊस येईल का, नवीन सोफा घ्यावा का, शेजारच्या बारशाला जावं का, सगळं मणका सांगे. जावयाबद्दल मात्र त्यानं अजून मत दिलं नव्हतं.

ते मत द्यायची वेळ आली होती. रघुनाथराव सौंसरला थोरल्या मुलीकडे, पूनमकडे, मुक्कामाला होते आणि पोळ्याला त्यांना घरी यायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी प्रणालीचा फोन आला.

“बाबा म्हणतात, वीरेंद्रच्या त्या डब्ब्यातच येतो. एक झटका जरी लागला ना, त विषय बंद!”

“विषय म्हंजे?”

“म्हंजे मी!”

वीरेंद्र घाबरला. पण घाबरला की तो मोठ्यानं बोलायचा. “तू पाहाच आता! त्याइच्या हातात चहाचा भरला कप देतो. सौंसर ते सावरगाव, थेंब नाई सांडू देत!”

“कायले फेकून राहिला?”

“सांडला त मिशी उडवून टाकतो!”

“आधी येऊ त दे,” प्रणाली म्हणाली आणि फोन ठेवला.

सौंसरचा गुणवंता मिस्त्री म्हणजे कमानींचा सर्जन. त्याचा एक पक्का नियम होता. आपल्या भागात गाडीत किती माल भरणार हे कोणी खरं सांगत नाही. कागदावर एक टन, तोंडावर एक टन आणि रस्त्यावर तीन. म्हणून गिऱ्हाईक जे सांगेल त्याच्या तिप्पट धरायचं आणि तशी कमान बांधायची. या नियमामुळे त्याची कमान आजवर तुटली नव्हती.

वीरेंद्रचाही एक नियम होता. मिस्त्री लोक सांगितल्यापेक्षा हलकंच काम करतात. म्हणून त्यानं एका टनाचे तीन घरूनच करून आणले होते.

“वजन किती राहीन भौ?” गुणवंतानं ट्रेलरखालून विचारलं.

“तीन टन!”

मग गुणवंता सरकत बाहेर आला आणि त्यानं वीरेंद्रकडे मोठ्या आदरानं पाहिलं. “घरात?”

“घरात.”

“पडदे लावून?”

“माणसं बसन ना जी आत! घरची माणसं! झटका नाई लागला पाहिजे, बस.”

“समजलो,” गुणवंता डोळा मारत म्हणाला. तो काय समजला हे देवाला माहीत. “मंग बेफिकर राहा. अशी कमान टाकतो का तुमच्या नातवाले बी बदलाची गरज पडणार नाई!”

दुपारपर्यंत फिरत्या घराखाली ज्या कमानी बसल्या, त्यांचा आधीचा जन्म एका डंपरमध्ये गेला होता. वर आणखी दोन जाड पाटे गुणवंतानं ‘आपल्याकडून’ म्हणून चढवले, यू-बोल्ट कसले, जॅक खाली घेतला. जॅक खाली आला. ट्रेलर आला नाही. तो तिथंच वर, उंटावरून पाहतात तसा सगळ्यांकडे पाहत उभा राहिला. दारातल्या पायरीवर पाय पोचायला आता स्टूल लागत होतं.

“पाहा कसा ताठ उभा आहे!” गुणवंता म्हणाला.

वीरेंद्र खूश झाला आणि एक चक्कर मारायला निघाला. सौंसरच्या बाजारात झुली, घुंगरं, शिंगांचा रंग घेणाऱ्यांची ही गर्दी! पहिला स्पीडब्रेकर आला. मागून काहीच आवाज आला नाही. वा! वीरेंद्रनं मनातल्या मनात प्रणालीच्या गळ्यात माळ घातली.

आवाज आला नाही, कारण ट्रेलर हवेत होता.

मग तो आला. असा आला की हाराच्या दुकानातली बाई “अगं माय!” म्हणून खाली बसली, एक बैल मालकाला घेऊन उलट्या पावलांनी गल्लीत शिरला आणि फिरत्या घराचा पंखा घर सोडून रस्त्यावर फिरायला लागला. ट्रेलर त्यानंतरही तीनदा उडाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा तोच उडाला!

वीरेंद्रच्या डोळ्यांसमोर त्या पंख्याच्या जागी रघुनाथराव आले. धोतर, टोपी, हातात चहाचा कप, आणि चारही बाजूंना हवा. त्यानं तिथूनच जीप वळवली आणि सरळ गुणवंताच्या दुकानात आणली.

“मिस्त्री! हे त बेंडकावानी उड्या मारून राहिलं!”

“रिकामी हाय ना!” गुणवंता शांतपणे म्हणाला. “रिकाम्या गाडीत कधी कमान बसते का? तुमचे तीन टन टाका, मंग पाहा. पाण्यावरून गेल्यावानी जाईन.”

“अजी, तीन टन नाईच आहे! ते मी असंच सांगतलं होतं!”

“असंच?” गुणवंताला धक्का बसला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे वजन वाढवून सांगणारा माणूस पहिल्यांदाच आला होता. “काहून?”

“ते जाऊ द्या! माया जुन्या कमानी बसवून द्या!”

“त्या त भंगारवाला घेऊन गेला.”

तेवढ्यात फोन वाजला. रघुनाथराव. “वीरेंद्र, मी पिशवी घेऊन दारात उभा आहो. जास्त उभं राहणं मणक्याले चालत नाई.”

“आलोच काकाजी!” वीरेंद्र ओरडला आणि मिस्त्रीचा हात धरला. “सांगा लवकर! काय टाकू आत?”

“संत्रे टाका.”

“पोळ्याले संत्रे? झाडावर हिरव्या गोळ्या हाय अजून!”

“मंग गोटे टाका,” गुणवंता म्हणाला. “नाल्यात पडले आहे ढीगभर.”

आणि वीरेंद्रला तो माणूस देवासारखा वाटला.

गुणवंताच्या दुकानातली दोन माणसं घेऊन तो नाल्यात उतरला. मोठे धोंडे बाकाखाली जाईनात, म्हणून त्यानं लहान घेतले. मुठीत बसतील असे. टोकदार असतील तर प्लायवूडला ओरखडे पडतील, म्हणून गोल. हलके असतील तर काय उपयोग, म्हणून काळे, घट्ट, वजनदार. एकेक गोटा हातात घेऊन, तोलून, पारखून त्यानं संत्र्याच्या क्रेटमध्ये भरला, आणि दोन्ही बाकांखाली क्रेट गच्च बसवून वर गाद्या टाकल्या. ट्रेलर हळूहळू खाली बसला, कमानींनी एक उसासा टाकला.

हा माणूस पांढुर्ण्यात जन्मला होता. गोटमारी पाहत मोठा झाला होता. पोळा उद्यावर होता. तरी त्या क्षणी त्याच्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. त्याला जगात फक्त एक मणका दिसत होता.

रघुनाथराव बसले. पूनमनं चहाचा कप हातात दिला, काठोकाठ. वीरेंद्रनं देवाचं नाव घेतलं, आणि जीप सुरू केली.

पहिला स्पीडब्रेकर. त्यानं डोळे मिटले. जीप चालवताना हे करू नये, पण केलं. काही झालं नाही. खड्डा आला, गेला. आरशात मागच्या खिडकीतले रघुनाथराव फोटोत असल्यासारखे स्थिर. वीरेंद्रला तेही बघवेना. इतका स्थिर माणूस जिवंत असेल का, ही भीती! तेवढ्यात फोन.

“वीरेंद्र!”

“ज-जी काकाजी?”

“आत्ता गेलं ते जामसांवली होतं का?”

“हो जी. थांबवू का?”

“नको, इथूनच हात जोडले. मले वाटलं आपण अजून पूनमच्या दारातच आहो.” मग, “चहा प्यालो. सगळा. कपातूनच.”

“जी!”

“आता मले काकाजी नको म्हणू.”

वीरेंद्रचा पाय ब्रेकवर गेला. “काहून जी? काही चुकलं का?”

“मामाजी म्हण.”

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात! वीरेंद्रनं रडत रडत गिअर बदलला. पुढचा रस्ता त्याला दिसतच नव्हता, नुसते मंडप दिसत होते. आणि त्या मंडपांतून, पांढुर्ण्याच्या अलीकडे, एक लोखंडी अडथळा हळूहळू स्पष्ट होत गेला. मागं पोलिसांची गाडी. समोर थांबवलेल्या गाड्यांची रांग. प्रत्येक डिकी उघडून, प्रत्येक पोतं चाचपून पाहणं चाललं होतं.

गोटमारी! गोटे शोधून राहिले!

मागं वळावं तर मागं तीन गाड्या लागलेल्या. पुढं जावं तर त्याच्या होणाऱ्या सासऱ्याच्या बुडाखाली पंचक्रोशीतले सगळ्यात निवडक, सगळ्यात गोल, मुठीत बरोब्बर बसणारे गोटे होते. क्रेटमध्ये. व्यवस्थित लावलेले.

हवालदार हिंदी मुलखातले, आडव्या बांध्याचे, शांत डोळ्यांचे होते. “क्या है अंदर?”

“ससुर हैं, साहब.”

“और?”

“ससुर ही हैं. ससुर के नीचे गद्दी है.”

“और गद्दी के नीचे?”

वीरेंद्रनं आकाशाकडं पाहिलं. आकाशानं हात वर केले.

रघुनाथरावांना स्टुलावरून जपून खाली उतरवलं. गादी उचलली. हवालदारांनी एक गोटा घेतला, हातात खेळवला, आणि त्यांच्या तोंडून नकळत निघालं, “क्या माल है!” मग त्यांना आपण कोण आहोत हे आठवलं आणि ते ओरडले, “सर! इधर आइए!”

साहेब येईपर्यंत माणसं जमली. रांगेतल्या पांढुर्ण्याच्या पोरांनी डोकावून पाहिलं आणि त्यांचे चेहरे उजळले.

“वीरूभौ! आपल्याकडून एवढी तयारी? अन् सांगतलं बी नाई!”

“आपल्याकडून कसे?” मागच्या ऑटोतला सावरगावचा एकजण उतरला. “रघुनाथरावांच्या सीटखाली होते ना? मंग गोटे सावरगावचे!”

“गाडी पांढुर्ण्याची हाय!”

“जावई आमचा हाय!”

“अजून झाला नाई!”

वीरेंद्र दोन्हीकडे हात जोडत होता. ‘पांढुर्ण्याचे’ म्हणावं तर बायको गेली. ‘सावरगावचे’ म्हणावं तर घर गेलं. रघुनाथराव काठी टेकत त्याच्यासमोर आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“खरं सांग. हे गोटे कोणाच्या डोक्यासाठी?”

“कोणाच्याच नाई मामाजी! तुमच्या मणक्यासाठी!”

“माया मणक्याले मारणार होता?”

“नाई मामाजी—”

“काकाजी म्हण.”

साहेब आले. वीरेंद्रनं त्यांना कमानी सांगितल्या, डंपर सांगितला, तिप्पट सांगितलं, चहा सांगितला. हिंदीत सांगितलं, घाबरला की मराठीत सांगितलं, शेवटी हातानं उड्या मारून दाखवल्या. साहेबांनी नोकरीत गोटे बाळगायची कारणं पुष्कळ ऐकली होती. लोणच्याच्या बरणीवर ठेवायला, कुंडीत टाकायला, मुतखडा आहे म्हणून डॉक्टरांना दाखवायला. कमानी दाबायला हे पहिल्यांदाच.

“ठीक है,” ते म्हणाले. “पत्थर उतारो. खाली ट्रेलर उस ब्रेकर पर चला के दिखाओ. उछला तो तुम सच्चे. नहीं उछला तो…” त्यांनी पोलिसांच्या गाडीकडं नुसतं पाहिलं. “अंदर हमारा हवालदार बैठेगा.”

“मी बी बसतो,” रघुनाथराव म्हणाले. “पोट्टा खरा हाय का खोटा, माया मणका सांगन.”

“काकाजी, तुम्ही नका बसू!”

“काहून? खोटा आहे का?”

आता बघा. सावकाश नेलं तर ट्रेलर उडणार नाही, वीरेंद्र खोटा ठरणार, आणि पोळा कोठडीत. जोरात नेलं तर ट्रेलर उडणार, वीरेंद्र खरा ठरणार, आणि विषय बंद. खरं सिद्ध करायचं तर सासऱ्याला हवेत फेकायचं! असा पेच आजवर कोणत्या जावयावर आला असेल?

त्यातच फोन. प्रणाली. “कुठलोक आले?”

“नाक्यावर हाओ.”

“बाबा कसे आहे?”

“आत्तापर्यंत चांगले आहे.”

“आत्तापर्यंत म्हंजे? वीरेंद्र? वीरेंद्र!”

त्यानं फोन खिशात टाकला. एकच अक्कल उरली होती, ती त्यानं वापरली. ट्रेलर जीपच्या बाजूला कमी उडतो, शेपटाकडं जास्त. म्हणून त्यानं काकाजींना पुढं बसवलं आणि हवालदारांना अतिशय नम्रपणे मागं. “साहब, पीछे हवा अच्छी आती है.”

मग तो जीपमध्ये बसला. कानात नुसती सनई, पण शेवटच्या फेऱ्यासारखी नाही, बिदाईसारखी. त्यानं ठरवलं होतं की मध्यम वेगानं जायचं. हवालदारापुरतं उडेल, काकाजीपुरतं उडणार नाही असं. एवढं बारीक गणित करणारा पाय पण पाहिजे ना! भीतीनं पाय ॲक्सिलरेटरवरच चिकटला.

ब्रेकर आला.

मागून काहीच आवाज आला नाही.

ती शांतता वीरेंद्रनं ओळखली. दोन्ही काठांची माणसं तोंड वासून वर बघत होती. मग एक ‘टण्ण’ झालं, छताला बाहेरून एक टेंगूळ आलं, आणि मग सगळं घर जमिनीवर आलं. पुन्हा उडालं. पुन्हा आलं. साहेबांनी टोपी काढून काखेत धरली.

दार उघडलं. हवालदार बाहेर आले. त्यांची टोपी नाकापर्यंत उतरली होती. त्यांनी टोपीच्या आतूनच सॅल्यूट ठोकला.

“सर, उछलता है.”

काकाजी मात्र बाहेर आले नाहीत. वीरेंद्र पळत गेला, स्टूल विसरला, दारावर आपटला, कसाबसा आत चढला. रघुनाथराव दोन बाकांच्या मध्ये गादीवर उताणे, बाकाचे दोन्ही पाय गच्च धरून पडले होते. डोळे उघडे.

“मामा… काकाजी! मणका?”

“मणका जागेवर आहे,” रघुनाथराव छताकडं बघत म्हणाले. “बाकीचा मी कुठं कुठं आहो ते पाहून राहिलो.”

बऱ्याच वेळानं ते सगळे सापडले, आणि उठून बसले.

“पोट्टा खरा आहे,” त्यांनी दारातून सगळ्यांना सांगितलं. पांढुर्णा आणि सावरगाव दोघांनीही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वीरेंद्रला सोडलं, गोटे जप्त केले, आणि ट्रेलरच्या छतावर काहीही झालेलं नाही असं सगळ्यांना समजावून सांगितलं. हवालदारांनाही.

“मंग मामाजी…” वीरेंद्रनं घाबरत विचारलं. “विषय?”

“विषय चालू,” रघुनाथराव म्हणाले. “पोरगी देतो. पण लग्नाच्या दिवशी मांडवात मी याच्यातच बसून येईन. सौंसरपासून नाक्यापर्यंत जसा आलो तसाच. अन् गोटे तेच पाहिजे.”

“तेच कुठून आणू जी? ते त जप्त झाले! दुसरे आणतो ना, त्याच नाल्यातले!”

“माया मणक्याले तेच मानवले,” रघुनाथराव म्हणाले आणि सावरगावपर्यंतचं उरलेलं अंतर, काठी टेकत, पायी निघाले.

गोटमारी झाली, गेली. लग्नाची तारीख निघाली. जप्त गोट्यांचा एकच मोठा ढीग असतो, त्यात सगळ्या गाड्यांचे, सगळ्या पोत्यांचे एकत्र पडलेले. तेव्हा वीरेंद्रनं साहेबांच्या टेबलावर खालील अर्ज ठेवला आहे, आणि रोज सकाळी जाऊन उत्तर आलं का ते विचारतो:

‘…सबब मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, जप्त गोट्यांच्या ढिगातून अर्जदाराचे गोटे ओळखून वेगळे काढावेत व विवाहापूर्वी परत करावेत. ओळखीची खूण: गोल, काळे, गुळगुळीत, मुठीत बसणारे, स्वभावाने शांत. सदर गोटे आजवर कोणासही लागलेले नाहीत. परत करणे शक्य नसल्यास, दुसरे गोटेही तितकेच चांगले असतात असा लेखी आदेश, शिक्क्यासह, अर्जदाराच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मणक्याच्या नावे काढण्यात यावा.’